दातांचा रंग काय सांगतो?

सुंदर दातांचे वर्णन करताना आपल्याकडील कवींना कुंदकळ्यांची उपमा सुचत आली आहे. उपमा मोठी गोड आहे. परंतु दात म्हटला की तो कुंदकळीसारखा शुभ्रच असावयास हवा आणि तसा तो नसेल तर त्याच्या धन्याने तो नीट घासलेला नसावा, असा एक समज तिच्या आश्रयाने घरोघर रुजून बसला आहे. मुलाचे दात पिवळसर दिसले की आई त्याच्यावर रागावते. मुलगी पाहावयास आलेली मंडळी तिच्या हसण्याकडे बारकाईने पाहतात आणि मनाशी काही ठरवून उठतात. वस्तुतः जिने आयुष्यात पानाला किंवा तंबाखूला स्पर्श केलेला नाही, जी सकाळी व रात्री नेमाने दात घासते, अशा मुलीचे दातही तपकिरी असू शकतात आणि त्यात तिचा तिळमात्र दोष नसतो. आपल्या देशात अशी काही गावे आहेत की, जेथे हे दुर्दैव एकट्यादुकट्या मुलीचे नसून शाळेतील निम्म्याअधिक मुलांचे असते. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहावयाचे आहेच. तत्पूर्वी दाताला रंग येतो कोठून हे पाहू.

निरोगी दात मुळात पांढराशुभ्र नसतो. दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे दंतवल्क, ज्याला डॉक्टर मंडळी एनॅमल म्हणतात, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु हे आवरण अपारदर्शक नाही. दुधी काचेच्या आड ठेवलेल्या दिव्याचा उजेड जसा बाहेर झिरपतो, तसा आतल्या दंतिनाचा पिवळसर रंग त्यातून बाहेर दिसतो. वय वाढते तसे दंतवल्क झिजते, आतले दंतिन अधिक दाट होते आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात. हा केस पिकण्यासारखाच प्रकार आहे. दुधाचे दात मात्र पक्क्या दातांपेक्षा खरोखरच पांढरे असतात. म्हणून सहासात वर्षांच्या मुलाच्या तोंडात नवा पटाशीचा दात दुधाच्या दाताशेजारी येऊन उभा राहिला की तो पिवळा भासतो, आणि पुष्कळ माता उगाचच काळजीत पडतात.

दंतवल्काची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्वचा खरचटली तर भरून येते, मोडलेले हाड जुळते. परंतु एकदा झिजलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. ते निर्माण करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच नाहीशा होतात. तेव्हा दाताचा रंग बदलला आहे असे दिसताच ‘तो पांढरा कसा करावा?’ असे विचारणे म्हणजे रोग न ओळखता औषध मागणे होय. आधी विचारावयाचा प्रश्न असा की, हा रंग दातावर बसला आहे, दात घडत असताना त्याच्या अंगात भिनला आहे, की मागाहून आतून आला आहे? घरच्या घरीही ह्याचा थोडा अंदाज बांधता येतो. दात आला तेव्हा स्वच्छ होता आणि पुढे रंगला, तर डाग बहुधा बाहेरचा. एकच दात काळवंडला, तर त्या दाताला काही इजा झालेली असावी. आणि उजव्या-डाव्या बाजूंचे जोडीचे दात सारख्याच पट्ट्यांनी किंवा ठिपक्यांनी रंगलेले असतील, तेही दात उगवल्यापासून, तर कारण बालपणात शोधावे लागते.

बाहेरून बसणाऱ्या डागांत चहा, कॉफी आणि पान ही मंडळी प्रमुख. चहात व काथात असलेले टॅनिन दातावरच्या लाळेच्या पातळ पापुद्र्याला चिकटते आणि हळूहळू गडद होते. टॅनिनाला लोहाची जोड मिळाली की रंग थेट काळा होतो. आपल्या पूर्वजांनी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई केली ती ह्याच रसायनाने, आणि गंमत अशी की, पुष्कळ समाजांत हीच शाई एके काळी हौसेने दातांना लावली जात असे. उत्तर हिंदुस्थानात व दक्खनेत स्त्रिया मिस्सी लावीत. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत दातवण लावून दात काळे करण्याची चाल होती. जपानात लोखंडाच्या आंबवलेल्या द्रावणात वनस्पतीचे टॅनिन मिसळून दात काळे कुळकुळीत करीत. तेथील सरकारने १८७० साली उमरावांना ही चाल सोडावयास लावली. शुभ्र दातांसाठी आज जो खटाटोप चालतो, तितकाच तेव्हा काळ्या दातांसाठी चाले!

मिस्सी गेली, परंतु तंबाखूने तिची जागा घेतली. महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची मिश्री, छत्तीसगड आणि ओडिशाकडे गुडाखू, बिहार व उत्तर प्रदेशात गुल, अशी तिची प्रांतोप्रांती नावे. ‘दात साफ होतात, पोट साफ होते’ असे सांगून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियाच ती सुनांच्या आणि मुलींच्या हाती देत आल्या. हे दात साफ करण्याचे साधन नसून व्यसन आहे. दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, ती ह्याच कारणासाठी. मिश्रीचा तपकिरी डाग डॉक्टर घटकाभरात काढून देतील. पण तिने मागे सरकलेली हिरडी आणि कर्करोगाचे भय तसे निघत नाही. मिश्री, गुटखा, सुपारी ह्यांपैकी काहीही सेवन करणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला आणि दोनतीन आठवड्यांत गेला नाही, तर दातांच्या रंगाची चिंता बाजूला ठेवून तो चट्टा आधी दाखवावा.

बाहेरचे डाग काढणे सर्वांत सोपे. दातांवर साचलेले कीटण यंत्राने काढून दात घासूनपुसून गुळगुळीत करून देणे हे दंतवैद्याचे नित्याचे काम आहे. ‘दात साफ करून घेतले की ते हलू लागतात’ ही समजूत इतकी पक्की झालेली आहे की, तिच्यापायी लोक वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. खरे असे की, कीटणामुळे हिरडी आधीच सैल होऊन दातांचे मूळ उघडे पडलेले असते. कीटणाची भिंत काढली की ते उघड दिसू लागते इतकेच. कीटण ठेवल्याने दात घट्ट राहत नाही, तो अधिक लवकर जातो.

लहान मुलांच्या दातांवर हिरडीलगत एक बारीक काळी रेघ पुष्कळदा दिसते. ती विशिष्ट जंतूंमुळे येते. ती कीड नव्हे, साफ केली तरी पुन्हा उमटते, आणि तिच्यासाठी मुलाला बोलण्याचे कारण नाही. रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या पातळ औषधानेही दात काळे होतात. अशा वेळी औषध बंद करू नये. ते नळीने पाजावे आणि नंतर चूळ भरावयास लावावी. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या अनेक आठवडे चालू राहिल्या तर दातांवर तपकिरी छटा चढते, तीही साफ होण्याजोगी असते.

आता घरगुती उपायांविषयी दोन शब्द. राखुंडी, विटेचा चुरा, कोळशाची पूड, जाडे मीठ ह्यांनी दात खसाखसा घासले की ते पहिले काही दिवस चकचकीत दिसतात, हे खरे आहे. बाहेरचा डाग तर जातोच. पण त्याच्याबरोबर दंतवल्काचा थरही जातो. ते पातळ झाले की आतला पिवळा रंग अधिकच उठून दिसतो. मग घासणारा आणखी जोराने घासतो, आणि दात पांढरे करण्याच्या नादात ते कायमचे पिवळे व हुळहुळे होतात. हल्ली कोळशाची पूड सुबक नळीत भरून चढ्या भावाने विकली जाते. वेष्टन बदलले म्हणून तिचा खरखरीतपणा बदलत नाही. लिंबू चोळण्याचा सल्ला तर ह्याहूनही वाईट, कारण लिंबाच्या आम्लाने दंतवल्क विरघळते. लिंबू चोळून वर लगेच ब्रश फिरवणे म्हणजे मऊ झालेली भिंत खरवडून काढणे होय.

आतून येणाऱ्या रंगाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे खेळताना पडल्यामुळे मार बसलेला समोरचा दात. दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या असतात. मार बसून तेथे रक्तस्राव झाला, किंवा गाभा मरून गेला, तर त्यातील पदार्थ दंतिनाच्या सूक्ष्म नलिकांत शिरतात आणि दात करडा होतो. हे कधी कधी मार बसल्यानंतर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी घडते. तोवर घरचे लोक तो प्रसंग विसरून गेलेले असतात. दुखत नाही म्हणून अशा दाताकडे दुर्लक्ष करू नये. मेलेल्या गाभ्यात जंतू शिरून मुळाशी पू धरू शकतो. पक्का दात असेल तर त्याचे मूळ स्वच्छ करून भरावे लागते, ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो. त्यानंतर दाताच्या आतच रंग घालविणारे औषध काही दिवस बंद करून ठेवले व ते एकदोन वेळा बदलले, तर पुष्कळदा करडेपणा जातो आणि त्यावर टोपी बसविण्याची गरज पडत नाही. ही युक्ती साधी व तुलनेने स्वस्त असूनही रुग्णांना फारशी माहीत नाही. दंतवैद्यांना तिच्याविषयी अवश्य विचारावे.

दुसरे कारण औषधाचे आहे. टेट्रासायक्लिन नावाची जंतुनाशके १९४८ पासून प्रचारात आली आणि त्या काळी सर्दी-खोकल्यापासून विषमज्वरापर्यंत लहानमोठ्यांना मुक्त हस्ताने दिली गेली. हे औषध कॅल्शियमला धरून बसते. त्यामुळे दात घडत असताना ते पोटात गेले की घडणाऱ्या दातातच कायमचे अडकते. अशा दातांच्या डागांची पहिली नोंद १९५६ साली झाली. दात उगवतो तेव्हा पिवळा असतो आणि उजेडाने हळूहळू तपकिरी-करडा होतो, म्हणून समोरचे दात अधिक गडद दिसतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात स्त्रीला आणि आठ वर्षांच्या आतील मुलाला हे औषध टाळावे, असा वैद्यकाचा नियम तेव्हापासून झाला आहे. त्याच कुळातील डॉक्सिसायक्लिन थोडे दिवस दिल्यास हा धोका फारसा आढळत नाही. डॉक्टरांनी विचारपूर्वक ते दिले तर घाबरून बंद करू नये. मात्र घरात उरलेल्या जुन्या गोळ्या आपल्या बुद्धीने मुलांना देण्याचा जो परिपाठ आपल्याकडे आहे, तो ह्या एका कारणासाठीही सोडण्याजोगा आहे.

आता त्या गावांकडे वळू. ही कथा खरे म्हणजे अमेरिकेत सुरू होते. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज ह्या डोंगराळ शहरी व्यवसायासाठी आला. तेथेच जन्मलेल्या व वाढलेल्या माणसांचे दात चॉकलेटी डागांनी रंगलेले पाहून तो चकित झाला. मोठेपणी तेथे येऊन राहिलेल्यांचे दात मात्र स्वच्छ होते. मॅकेने ह्या प्रश्नाचा जवळजवळ तीस वर्षे पाठपुरावा केला. १९२३ साली आयडाहो राज्यातील ओकली गावच्या पालकांनी त्याला बोलावले. लांबच्या एका ऊन पाण्याच्या झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांचे दात डागाळू लागले, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्यात काय आहे हे मॅकेला तेव्हा सांगता आले नाही. तरीही त्याने तो झरा सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यावयास सांगितले. गावाने ऐकले, आणि काही वर्षांनी तेथील धाकट्या मुलांचे पक्के दात स्वच्छ उगवले. कारण हाती येण्यापूर्वीच उपाय सापडला होता! कारण पुढे १९३१ साली कळले. ॲल्युमिनियमच्या एका मोठ्या कंपनीत चर्चिल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. डागाळलेल्या दातांच्या आणखी एका गावचे पाणी त्याने तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइड भरपूर निघाले.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात हाच रोग असल्याचे शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. तेथे दात डागाळलेले होतेच; शिवाय पुष्कळ वर्षे ते पाणी प्यालेल्या प्रौढांच्या पाठी व माना ताठरल्या होत्या. ह्या विकाराला फ्लोरोसिस म्हणतात. आज आंध्र प्रदेश, तेलंगणा, राजस्थान, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश इत्यादी अनेक राज्यांत त्याची गावे आहेत, आणि महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ हे जिल्हे त्यासाठी परिचित आहेत. ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकांतून झिरपताना भूजल त्यांतले फ्लोराइड विरघळवून घेते. उघड्या विहिरी व तळी सोडून लोक खोल कूपनलिकांकडे वळले, तेव्हा पटकी व अतिसार ह्यांचे भय कमी झाले, ही फार मोठी गोष्ट झाली; परंतु काही ठिकाणी त्याच निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातून हे नवे संकट वर आले. ह्या पाण्याला रंग, वास किंवा वेगळी चव नसते.

असे पाणी पिणाऱ्या बालकाच्या दातात काय घडते? पक्क्या दातांपैकी पटाशीच्या दातांचे दंतवल्क जन्मानंतर काही महिन्यांतच घडू लागते, आणि अक्कलदाढा सोडल्या तर बाकी सर्व दातांचे आठव्या वर्षापर्यंत पुरे होते. ह्या मुदतीत अधिक फ्लोराइड पोटात गेले तर दंतवल्क सच्छिद्र घडते. दात उगवतो तेव्हा तो खडूसारखा पांढरट दिसतो. मग त्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरतो आणि आडव्या पिवळ्या-तपकिरी पट्ट्या उमटतात. प्रमाण फार असेल तर दाताला खळगे पडतात. आठ वर्षांनंतर त्याच गावात राहावयास आलेल्या माणसाच्या दातांवर हे डाग उमटत नाहीत, म्हणून गावात सून म्हणून आलेल्या आईचे दात स्वच्छ आणि तिच्या मुलांचे डागाळलेले, असे दृश्य दिसते. तेवढ्यावरून मुलांना आळशी ठरविणे हा त्यांच्यावर केवढा अन्याय आहे! अशी मुले हसताना तोंडावर हात धरतात. डाग जावा म्हणून ती विटकरीने दात घासतात. परंतु डाग दाताच्या अंगातच असल्यामुळे जे जाते ते दंतवल्क.

मोठ्या माणसांच्या दातांवर परिणाम होत नसला तरी त्यांच्या हाडांवर होतो. म्हणून मुलांचे डागाळलेले दात ही साऱ्या गावाला मिळालेली सूचना समजावी. कंबर व मान आखडणे, खाली वाकता न येणे ही पुढची लक्षणे होत. तेलंगणातील नळगोंडा जिल्ह्यात तर कोवळ्या वयाच्या मुलांचे गुडघे आत वळून पाय वाकडे झालेले आढळले. अन्नात कॅल्शियम कमी असेल तर हा मारा अधिक तीव्र होतो; म्हणून दूध, ताक, नाचणी, तीळ, पालेभाज्या ह्यांना अशा गावांत औषधाचेच मोल आहे.

येथे एक खुलासा करावयास हवा. फ्लोराइड हे सरसकट विष नव्हे. डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते हे मॅकेच्याच लक्षात आले होते, आणि अल्प प्रमाणातील फ्लोराइड दंतवल्काला बळकटी देते हे पुढे सिद्ध झाले. म्हणूनच ते टूथपेस्टमध्ये घालतात. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे. प्रश्न येतो तो मात्रेचा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा.

फ्लोराइड पाणी उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात ते काढण्याची एक रीत बसविली, ती नळगोंडा पद्धती ह्या नावाने ओळखली जाते. पाण्यात चुना व तुरटी मोजून घालावयाची, जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर टाकावयाची, प्रथम जलद व मग सावकाश ढवळून पाणी निवू द्यावयाचे. तळाशी बसणाऱ्या गाळाबरोबर फ्लोराइड खाली जाते आणि वरचे नितळ पाणी काढून घेतात. साहित्य आपल्या ओळखीचे, वाण्याकडे मिळणारे. परंतु तुरटीची मात्रा त्या त्या पाण्याची तपासणी करूनच ठरते. अंदाजाने मूठभर टाकून हे साधत नाही, आणि वरचेवर गाळ टाकण्याचा उपद्व्यापही असतो. म्हणून जेथे शक्य तेथे नदीचे किंवा धरणाचे शुद्ध केलेले पाणी नळाने आणणे किंवा पावसाचे पाणी पिण्यापुरते साठविणे अधिक टिकाऊ ठरते. धुण्याभांड्यांना जुने पाणी चालते. निराळे पाणी हवे ते पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी, आणि सर्वांआधी गरोदर स्त्रीला व आठ वर्षांच्या आतील मुलांना.

ज्यांचे दात आधीच डागाळले आहेत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही; मात्र उपाय निवडताना एक तारतम्य ठेवावे. ज्या उपायाने दाताचा कमीत कमी भाग जातो तो आधी, आणि ज्याने अधिक जातो तो शेवटी. डाग उथळ असतील तर दंतवैद्य सौम्य केलेले आम्ल व बारीक पूड ह्यांनी दंतवल्काचा केसासारखा पातळ थर उतरवतात. त्याने तपकिरी डाग चांगलेच फिकट होतात. खडूसारखे पांढरे ठिपके असतील तर त्यांच्या छिद्रांत पातळ राळ मुरवून ते झाकण्याची अलीकडची रीत आहे. डाग खोल असेल तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट वरून लावतात. ते काही वर्षांनी रंगते व बदलावे लागते, पण त्यासाठी दात फारसा कोरावा लागत नाही. व्हिनिअर म्हणजे समोरून चिकटविलेली चिनीमातीची पातळ चकती. ती दिसते फार सुरेख, परंतु तिच्यासाठी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दंतवल्क कायमचे घासून काढतात, म्हणून मागे फिरता येत नाही. पुरी टोपी तर दात चोहोबाजूंनी कोरूनच बसते. लग्न पंधरा दिवसांवर आले म्हणून विशीच्या मुलीच्या धडधाकट सहा दातांवर टोप्या चढवून आणणारे पालक असतात. त्यांना कोणी अडवीत नाही, कारण घाई सर्वांनाच असते. त्या टोप्या आयुष्यात पुन्हा पुन्हा बदलाव्या लागणार, हे त्या मुलीला कोणी सांगितलेले नसते.

ब्लीचिंगचा सध्या मोठा बोलबाला आहे. त्यातील हायड्रोजन पेरॉक्साइड दाताच्या आत शिरून रंगद्रव्याचे कण मोडते. वयाने किंवा चहाने पिवळे झालेले दात त्याने चांगले उजळतात. टेट्रासायक्लिनच्या दातांना आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि तरी थोडी छटा उरते. फ्लोरोसिसमध्ये तपकिरी डाग फिकटतो, पण पांढरे ठिपके तसेच राहतात. दंतवैद्याने मापाचा साचा करून द्यावा, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून तो रात्री लावावा, असे दोनचार आठवडे करावे, ही १९८९ पासून रूढ झालेली पद्धत पुष्कळ अनुभवाची आहे. थोडे दिवस दात शिवशिवतात, मग थांबतात. भरलेल्या दातांचा व टोप्यांचा रंग ह्याने बदलत नाही. तेव्हा ब्लीचिंग आधी व नवी टोपी नंतर, असा क्रम ठेवावा. गरोदर स्त्रियांनी व अठरा वर्षांखालील मुलांनी हे करू नये. सौंदर्यप्रसाधनगृहात किंवा टपालाने मागविलेल्या पुडीने तर मुळीच करू नये. तीव्र पेरॉक्साइडने हिरडी भाजते. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल त्यांनी जवळच्या सरकारी दंतमहाविद्यालयात चौकशी करावी. तेथे ह्यांपैकी पुष्कळ उपचार अल्प खर्चात होतात.

मुलांच्या दातांवर जोडीजोडीने पट्ट्या दिसत असतील, तर दंतवैद्याकडे जाण्याबरोबरच पाण्याची तपासणी करवून घ्यावी. जिल्ह्याच्या पाणीपरीक्षा प्रयोगशाळेत ती नाममात्र शुल्कात होते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच स्त्रियांना साध्या संचाने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत हे ग्रामपंचायतीत कळेल. एका हातपंपाचे पाणी निर्दोष आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्याचे सदोष असू शकते, म्हणून प्रत्येकाचा नमुना निराळा घ्यावा व बाटलीवर ठिकाण आणि तारीख लिहावी. पावसाळ्यात व उन्हाळ्यात प्रमाण बदलते, तेव्हा दोन्ही ऋतूंत एकेकदा तपासणे बरे. पंप काही मिनिटे चालवून मग नमुना भरावा, आणि तो स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा. फ्लोराइडचा काचेवर परिणाम होतो, म्हणून काचेची बाटली वापरू नये.